‘प्रवास खर्च’ या एका ओळीत काय काय दडलेलं असतं?

छोट्या व्यवसायांच्या हिशेबवह्यांवर संशोधन करायचं ठरवलंय? मग आधी माझी फजिती ऐका. पहिल्या पाहणीत मी खतावणीतला ‘प्रवास खर्च’ जसाच्या तसा एक्सेलमध्ये उतरवला, सरासरी काढली, आलेखही काढला. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “यात नेमकं काय धरलंय?” मला सांगता येईना. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक पत्नीसह सुरतला जातात आणि परत आल्यावर १४,००० रुपये ‘प्रवास खर्च’ लिहितात. पावत्या मागितल्या तर हे निघतं: दोघांची रेल्वे तिकिटं २,४००, हॉटेलच्या तीन रात्री ४,२००, बाजारात फिरायला रिक्षा ६००, कापड खरेदीदारासोबत जेवण १,८०० आणि साडी ५,०००.

आता वर्गवारी करा. साडी आणि पत्नीचं तिकीट (त्या धंद्यात नाहीत असं धरू) ही मालकाची उचल. तिसरी रात्र निव्वळ फिरण्याची, म्हणून तीही उचलच. आयकर कायदा ‘पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी’ झालेलाच खर्च मान्य करतो. उरले ६,४००. म्हणजे वहीतल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी!

पण खरी गोम पुढेच आहे. रिक्षाभाडं कुणी ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये टाकतं, कुणी ‘कन्व्हेयन्स’मध्ये. खरेदीदाराचं जेवण एकाकडे प्रवास, दुसऱ्याकडे विक्रीवाढीचा खर्च. हॉटेलचं बिल तर आणखी मजेशीर. हॉटेल सुरतचं, म्हणून त्यावर केंद्राचा आणि गुजरातचा जीएसटी लागतो. फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला त्याचं क्रेडिट मिळत नाही. तो कर खर्चातच जातो. हेच हॉटेल पुण्यात असतं तर क्रेडिट घेऊन खर्च करावेगळा लिहिता आला असता. आणि नव्या यंत्राच्या जोडणीसाठी कारागिराला बोलावून त्याचं प्रवासभाडं दिलं असेल, तर ते यंत्राच्या किमतीत मिळवलं जातं. प्रवासाच्या खात्यात ते दिसणारच नाही.

आणखी एक सापळा: आयकरातल्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा धरून कर भरणाऱ्यांना खर्चाची तपशीलवार वही ठेवायची सक्ती नसते. त्यामुळे प्रवासाचा रकाना कोरा दिसला म्हणून शून्य भरू नका. ‘नोंद नाही’ आणि ‘खर्च नाही’ यांना वेगवेगळे संकेत द्या.

मग करायचं काय?

१. आधी प्रश्न ठरवा. करपालन अभ्यासताय की धंदा चालवण्याचा खरा खर्च? प्रश्न बदलला की वर्गवारी बदलते.

२. प्रत्येक वर्गाची व्याख्या एका वाक्यात लिहा: काय धरायचं, काय सोडायचं. खात्याच्या नावावर जाऊ नका, पावती बघा.

३. वीसेक पावत्या मित्राला द्या, त्याच व्याख्यांवरून वर्ग पाडायला सांगा. जिथे दोघांचं जुळलं नाही, तिथे बहुतेक वेळा व्याख्याच ढिली असते.

हे सगळं माहिती गोळा करण्याआधी करा. नंतर पावत्या मागायला गेलं की दुकानदार हसून म्हणतात, “ताई, त्या कधीच रद्दीत गेल्या.”