खारे सरोवर का आटते?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला दोन तऱ्हांचे पाणी ओळखीचे आहे. मासुंदा, उपवन, कल्याणचा काळा तलाव यांचे गोडे आणि खाडीचे खारे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असूनही खारट असलेले सरोवर मात्र आपल्याकडे नाही. ते पाहायचे तर बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला जावे लागते.

खारेपणा येतो कुठून?

काळ्या पाषाणावर उल्का आदळून लोणारचे विवर झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत उतरते, पण बाहेर पडायला वाट नाही. ते जाते फक्त वाफ होऊन, आणि वाफ क्षार मागे ठेवते. खाडीचे पाणी भरती-ओहोटीने बदलते. सरोवराला तशी सोय नाही. त्यामुळे आवक आणि बाष्पीभवन यांचा मेळ बिघडला की पातळी हलते.

आवक का घटते?

अपुरा पाऊस आणि कडक उन्हाळा ही नैसर्गिक कारणे. त्यांहून जड पडतो माणसाचा हात. राजस्थानातल्या सांभर सरोवराकडे येणारे पाणी वाटेतल्या बंधाऱ्यांनी अडले आणि बोअरवेलच्या उपशाने भूजल खालावले. मध्य आशियातला अरल समुद्र एकेकाळी जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होता. १९६०नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाच्या शेतीकडे वळवल्या गेल्या आणि त्याचा बहुतेक भाग आटला.

परिणाम कोणते?

पाणी कमी झाले तरी क्षार तेवढेच राहतात, म्हणून पाणी दाट खारट होते आणि त्यातले जीव बदलतात. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे हॅलोआर्किया हे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव आढळले. अरलमध्ये मासेमारी बुडाली. उघड्या पडलेल्या तळाची खारट, कीटकनाशके मिसळलेली धूळ वाऱ्याबरोबर वस्त्यांवर पसरू लागली.

ठाण्याचा संबंध काय?

ठाणे खाडीत येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, भारतात मुख्यतः कच्छच्या रणात घरटी करतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण हा पक्षी एका जागेवर जगत नाही. कच्छ, सांभर अशा खाऱ्या पाणथळी बिघडल्या, तर केवळ खाडी राखून तो टिकणार नाही.

उपाय कोणता?

उत्तर अरलमध्ये २००५ साली बांध पुरा झाल्यावर पातळी वाढली, खारेपणा उतरला, मासे परतले. मात्र पाणी वाढले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. लोणारची पातळी अलीकडे इतकी चढली की काठच्या कमळजादेवी मंदिराला पाणी लागले. गावाचे सांडपाणी तर तिथे उतरताच कामा नये. प्रत्येक सरोवराचा जमाखर्च वेगळा असतो. म्हणून नदीवर बंधारा मंजूर करतानाच खालच्या सरोवराचा पाण्यातला वाटा ठरवायला हवा.