लाटांच्या शाळेतला चित्रकार

फळी घेऊन समुद्रात शिरावे, उसळती लाट येताच त्या फळीवर उभे राहावे आणि लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत यावे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. मूळचा हवाई बेटांतला हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांत असा भिनला की, त्याभोवती स्वतंत्र बोली, पेहराव, संगीत आणि नियतकालिके उभी राहिली. रिक ग्रिफिन हा चित्रकार याच मुशीत घडला.

त्याचा जन्म १८ जून १९४४ चा, दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९६० मध्ये जॉन सेव्हरसन यांनी ‘सर्फर’ हे नियतकालिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी त्यात ग्रिफिनचा ‘मर्फी’ अवतरला. लाटेपायी खुळावलेला हा चिमुकला व्रात्य पोर किनाऱ्यावरच्या मुलांना आपल्यातलाच वाटला. वाटणारच! त्याचा जनक तरी कुठे मिसरूड फुटण्यापलीकडे गेला होता?

विशी गाठण्यापूर्वीच मोटारीच्या भीषण अपघातात त्याचा चेहरा विद्रूप झाला, डाव्या डोळ्याला जबर इजा झाली. काही काळ तो डोळ्यावर पट्टी बांधून हिंडे. सराईत हाताची रेषा मात्र शाबूत राहिली.

१९६६ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि संगीताच्या जलशांची भित्तिचित्रे काढू लागला. जाहिरातीतील अक्षरे चटकन वाचता यावीत, हा त्या धंद्याचा पहिला धडा. ग्रिफिनने तो खुशाल धुडकावला. त्याची अक्षरे फुगत, वळत, एकमेकांत शिरत. वाचणाऱ्याला थांबावेच लागे. मला तरी त्या वळणांत फुटू पाहणारी लाट दिसते. १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट उद्यानात तरुणांचा प्रचंड मेळावा भरला. त्याच्या एका भित्तिचित्रावर ग्रिफिनने अमेरिकेचा घोडेस्वार आदिवासी रेखाटला. इतर कलावंतांनी केलेल्या दुसऱ्यावर मात्र चक्क आपल्याकडचा जटाधारी साधू होता!

१९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या जलशासाठी त्याने ज्वाळांच्या कड्यातून झेपावणारा पंखांचा डोळा काढला. त्यात जखमी डोळ्याची व्यथा शोधण्याचा मोह होतो. तथापि, असा उडता डोळा मोटारी रंगविणाऱ्या व्हॉन डच यांनी आधीच प्रसिद्ध केला होता, हे विसरून चालणार नाही. कलावंताच्या प्रत्येक रेषेचा उगम त्याच्या दुःखात असतोच असे नाही.

समुद्राने त्याला परत बोलावले. १९७० मध्ये सेव्हरसन यांच्या ‘पॅसिफिक व्हायब्रेशन्स’ या सर्फिंगपटाचे भित्तिचित्र त्यानेच केले. त्याच सुमारास तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला. पुढे योहानाच्या शुभवर्तमानासाठीही त्याने चित्रे काढली. ऑगस्ट १९९१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात तो दगावला, तेव्हा तो अवघा ४७ वर्षांचा होता.

जलसा आटोपला की भिंतीवरून फाडून टाकायचे, एवढेच ज्या कागदांचे आयुष्य, ते कागद आज संग्राहक जपून ठेवतात. २००७ मध्ये लगूना कलासंग्रहालयाने त्याच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले. त्या इमारतीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.