गाडीचं साल

परवा केंटकीतल्या एका खासगी कॅम्पग्राउंडने आम्हाला जागा नाकारली. दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर चालणार नाही, असा त्यांचा नियम. आमचा ट्रेलर एअरस्ट्रीम कंपनीचा, 1966चा. फोटो पाठवतो म्हटलं, तर बघायचीसुद्धा तयारी नाही. अमेरिकेत असा नियम आता बऱ्याच ठिकाणी आहे. छत गळतंय का, फरशी कुजली आहे का, हे कुणी विचारत नाही. मला हा अपमान वाटतो.

एअरस्ट्रीमचा संस्थापक वॉली बायम याने 1936 साली 'क्लिपर' ट्रेलर काढला, 1959-60मध्ये केपटाऊनहून कैरोपर्यंत ट्रेलरांचा तांडा नेला, 1980 साली कंपनी थॉर समूहाकडे गेली. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला बोलायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल.

तेव्हा आमच्याकडे ब्यूक रोडमास्टर स्टेशन वॅगन होती. भक्कम वेगळी चासी, मागच्या चाकांना जोर, 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन. गाडी बुटकी आणि मागचा गोलसर ट्रेलरही बुटका, त्यामुळे वारा फारसा अडत नसे. शेजारचे निवृत्त मेकॅनिक काका दर उन्हाळ्यात येऊन हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा, तपासत. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचच्या गोळ्यावर हवा. त्याहून कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. म्हणून ट्रेलरमध्ये जड सामान मागे ठेवायचं नाही. हिचच्या दोन्ही बाजूंचे पोलादी दांडे ताणून थोडा भार पुढच्या चाकांवर ढकलायचा, नाहीतर गाडीचं नाक वर होतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. ब्लू रिज डोंगरांच्या चढणीला ओव्हरड्राइव्ह बंद. उताराला खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. हे ज्ञान काका फुकट वाटत, आणि रस्त्यात भेटणारे अनोळखी लोकही. पेट्रोल पंपावर कुणीतरी वाकून हिच बघायचाच.

1996 साली रोडमास्टर बंद झाली आणि ती जिथे बनत होती त्या टेक्सासच्या आर्लिंग्टन कारखान्यात मोठ्या एसयूव्ही बनू लागल्या. नफा त्यांत होता. तेही गिळलं असतं. पण 2009च्या सरकारी योजनेला मी माफ केलेलं नाही. जुनी गाडी द्या, नव्या गाडीवर साडेचार हजार डॉलरपर्यंत सूट घ्या. जवळपास 6,77,000 गाड्या गेल्या. त्यांत बहुतेक ट्रक आणि एसयूव्ही, म्हणजे ओढण्याचं काम करणाऱ्याच. चालत्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ती जाणूनबुजून मारली. पेट्रोल वाचवायचं होतं हे मान्य. पण धडधाकट इंजिनातले सुटे भाग तरी दुसऱ्या गाड्यांना मिळू द्यायचे होते.

आज नवी गाडी ट्रेलर डुलायला लागला की स्वतःच सावरते. सोय चांगलीच आहे, पण भार कुठे ठेवायचा हे तिच्या मालकाला कुणी शिकवलेलं नसतं. आणि कॅम्पग्राउंडवाले आमच्या ट्रेलरला धोकादायक ठरवतात.

शेवटी आम्ही मॅमथ केव्हच्या राष्ट्रीय उद्यानात उतरलो. तिथे गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी किती, एवढंच विचारलं.