चाकांवरचे घर आणि नवापूरचे ऊन

घर पाठीवर घेऊन हिंडण्याची गोगलगाईची चैन माणसाला फार जुन्या काळापासून हवीहवीशी वाटत आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आखले आणि मोटारीमागे जोडावयाची दोन चाकांची छोटी खोली आपल्याकडच्या कुटुंबांनाही खुणावू लागली. चौघांची निजण्याची सोय, एक लहानसा ओटा, पाण्याची टाकी, दोन खिडक्या! नाताळच्या सुटीत यापरते सुख नाही. पण मुलांच्या शाळांना खरी लांब सुटी मिळते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात हेच सुख भट्टीचे रूप घेते.

ही भट्टी पेटते कशी आणि विझवावी कशी, हे शिकावयाचे तर नवापूरसारखे ठिकाण नाही. नंदुरबार जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव रंगावली नदीच्या काठी, सुरत-धुळे महामार्गावर वसले आहे. खानदेशातून कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातेत जाणारी मोटार इथूनच जाते. इथल्या रेल्वे स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. ऊन मात्र ही सरहद्द मानीत नाही. नवापूर साधारण २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. म्हणजे त्या वेळी उन्हाचा सारा मारा भिंतींवर नव्हे, तर छपरावर होतो.

आता थोडा हिशेब करू. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद छप्पर म्हणजे साठ चौरस फूट. निरभ्र दुपारी त्यावर पडणारी उष्णता साडेपाच हजार वॅटच्या आसपास भरते. हजार वॅटच्या पाच इस्त्र्या छपरावर ठेवून बटण दाबले तर काय होईल? तेच होते. जुन्या वाड्याची हातभर रुंद मातीची भिंत तापावयाला संध्याकाळ होई. इथे तर बोटभर जाडीचा पत्रा! तो अर्ध्या तासात तापतो आणि आतल्यांच्या डोक्यावर शेकोटी धरतो. मग आत पंखा लावला तरी तो त्याच तापलेल्या हवेला गरगर फिरवीत बसतो. म्हणून पहिला नियम असा की, ऊन घरात आल्यावर हाकलीत बसू नये. ते बाहेरच अडवावे.

हा नियम नवापूरकरांना कोणी शिकवावयाला नको. हा तालुका कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच आढळला आणि गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. पण एरवीच्या वर्षी कुक्कुटपालकाचा मोठा वैरी म्हणजे उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि तेवढ्याने भागले नाही तर प्राण सोडते. म्हणून शेड बांधतानाच तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मग फक्त आखूड बाजूंवर पडते. छप्पर चांगले पुढे काढतात, त्याला वरून पांढरा चुना देतात, नाहीतर गवत-पाचट अंथरतात. लांब बाजूंना जाळी असते. दुपारी तिच्यावर ओले गोणपाट सोडतात आणि वारा खेळता ठेवतात.

यांतली एकही गोष्ट अशी नाही की जी आपल्या फिरत्या घराला लागू पडू नये. मुक्कामाला गाडी उभी करताना तिचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करावे. छप्पर पांढरे रंगवून घ्यावे. चकचकीत ॲल्युमिनियम दिसावयाला थंड दिसते खरे. पण जी उष्णता ते शोषते ती लवकर सोडीत नाही. पांढरा रंग बरेचसे ऊन परतवतो आणि उरलेले झटपट सोडतो. त्याहूनही उत्तम म्हणजे छपरावर दुसरे छप्पर. ब्रिटिश अमदानीत कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यावरचे तंबू दुहेरी कापडाचे असत आणि पुढे लँड रोव्हर मोटारीलाही उष्ण देशांसाठी दुहेरी टप मिळू लागला. आपण एक पांढरी ताडपत्री छपरापासून वीतभर उंच ताणून बांधली की काम झाले. मधली हवा दोन्ही टोकांनी मोकळी वाहिली पाहिजे, एवढे मात्र पाहावे. ताडपत्री पत्र्याला चिकटली तर निम्मा गुण गेला. खिडक्यांचेही तसेच. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवतो. बाहेर टांगलेली चटई त्याला उंबऱ्याबाहेर ठेवते.

फुकटचे छप्पर म्हणजे झाड. पण इथे शहरी माणूस हमखास फसतो. नवापूरच्या परिसरात सागाचे रान आहे. मात्र साग उन्हाळ्यात पाने गाळून उघडाबोडका उभा असतो. त्याच्याखाली सावली शोधणे म्हणजे टकल्याकडे कंगवा मागणे! आंबा, चिंच, वड, जांभूळ पाहावे, आणि झाड गाडीच्या पश्चिमेला येईल असे थांबावे, म्हणजे दुपारनंतरचे ऊन अडते. वळवाचा रंग दिसू लागला तर मात्र जुन्या फांद्यांखालून गाडी वेळीच हलवावी.

बाहेरचे ऊन अडवले तरी आतही चुली असतात. प्रत्येक माणूस जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देत असतो, आणि गॅसच्या एका शेगडीची उष्णता पंधरा-वीस माणसांएवढी! तेव्हा स्वयंपाक बाहेर, झाडाखाली करावा. गृहिणीला वारा मिळतो, आणि पुरुषमंडळींना भाकरी करून पाहण्याची संधीही मिळते. गरम हवा वर चढते. म्हणून छपराला झरोका असावा, त्यात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवावा आणि सावलीकडची खालची खिडकी उघडी ठेवावी. रात्री सारे सताड उघडावे.

आता पाण्याची करामत. एक लिटर पाणी तासाभरात वाळले तर सहा-सात माणसांच्या अंगची उष्णता ते बरोबर घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने, आणि वाळ्याच्या ताट्यांनी एके काळी बंगले व आगगाडीचे डबे गार ठेवले तेही याच न्यायाने. श्रीमंतांसाठी १९३४ साली मुंबई-पेशावर फ्राँटियर मेलला बर्फाने थंड केलेला डबा जोडण्यात आला. ती गाडी सुरतेवरून जाई आणि सुरतेजवळच्या उधन्याहून नवापूरकडे फाटा फुटतो. पण फाट्यावरच्या प्रवाशांची भिस्त ओल्या पंचावरच! आपणही वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीवर वाळ्याची ओली ताटी लावावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. दारे-खिडक्या लावून पाणी शिंपडले तर नुसती वाफ कोंडते. मेमधल्या कोरड्या वाऱ्यात ही युक्ती नामी आहे. जूनमध्ये हवा दमट झाली की तिचा उपयोग संपतो. मग वारा आणि सावली एवढेच खरे.

एक गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतला पारा पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतो, आणि लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. झोपलेले मूल किंवा आजोबा-आजी आत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणून जाऊ नये. पारा चाळिशीपलीकडे गेला की कोरड्या पंख्यावर विसंबू नये. अंग ओले ठेवावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, अंग फणफणले, तर तो उष्माघात समजावा. घाम असो वा नसो, त्याला सावलीत न्यावे, सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही.

शेवटी, हे फिरते घर सर्वांनाच हौसेने लाभत नाही. याच भागातली कितीतरी आदिवासी कुटुंबे दर वर्षी पावसाळा सरला की मुलाबाळांसह दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयाला जातात आणि उन्हाळा येईपर्यंत उसाच्या फडाजवळच पाल ठोकून राहतात. त्यांचेही घर बिऱ्हाडाबरोबर हिंडणारे, आणि छपराला पुष्कळदा प्लॅस्टिकचा नुसता कागद! त्यावर पाचटाचा जाड थर आणि दारात सावलीचा मांडव, एवढ्याने भर दुपारी तान्ह्या मुलाला निजता येते. आपल्याला चार दिवसांच्या सहलीत जी सावली लागते, ती त्यांना महिनोन् महिने लागते. नव्या ताडपत्र्या, पिण्याचे पाणी आणि मुक्कामाला झाडांची जागा ही त्यांची मागणी कोणी मांडील तेव्हा ती चैनीची आहे असे निदान आपण तरी म्हणू नये. मे महिन्यातली एक दुपार पत्र्याखाली काढलेल्या माणसाला ते म्हणवणारही नाही.