टायरच्या कडेवरचे आकडे

धारचे पाहुणे देवासला आणि देवासचे धारला, हे येणेजाणे आपल्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. आता ते बहुधा स्वतःच्या मोटारीने होते. मोटार घेताना रंगाची, बैठकीची चौकशी सगळे करतात. पण ज्या चार टायरांवर सारे कुटुंब बसवायचे, त्यांच्या कडेवर काय लिहिले आहे ते वाचणारा विरळा. आम्हीही त्यांतलेच होतो.

२०१९ सालच्या मे महिन्यात देवासचे लग्न आटोपून धारकडे निघालो असता, इंदूर मागे टाकल्यावर मागचा टायर फाटला. गाडीत वृद्ध आत्याबाई व दोन मुले होती. गाडी रस्त्याखाली उतरून थांबली. कोणास इजा झाली नाही, हे नशीबच. टायर तर वर्षापूर्वी 'नवा' म्हणून घेतलेला, खाचाही चांगल्या खोल! पंक्चरवाल्याने चाक काढून आतल्या बाजूच्या लंबगोलातले चार आकडे दाखवले: ११०९. म्हणजे २००९ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला माल. रबर नुसते पडून राहिले तरी ऊन, उष्णता व हवा ह्यांनी कडक होते आणि तडकते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा व दहा वर्षांनी काढावाच, असे अनेक कारखानदार सांगतात. ही तारीख पुष्कळदा एकाच बाजूस असते, म्हणून दुकानात टायर उलटून पाहावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावा.

आता मोठे आकडे. समजा लिहिले आहे १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ६५, सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. ह्या टायरात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. पुष्कळांना तो त्रिज्येचा 'आर' वाटतो, तसे नव्हे. १५ हा रिमचा व्यास आहे, आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर व इंच, अशी ही खिचडी आहे. जुन्या ॲम्बॅसिडरवाल्यांना ५.९०-१५ आठवत असेल. तेथे रुंदीही इंचांतच होती.

८८ हा भाराचा सांकेतिक अंक. त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. इतक्या वेगाने आपणांस कोठे जायचे, असे कोणी म्हणेल. पण वेगाबरोबर टायर तापतो, आणि ती उष्णता सोसण्याची ताकद ह्या अक्षरात सांगितलेली असते. मूळ टायरपेक्षा कमी भाराचा अंक स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. सामान व सात माणसे भरताना त्याची किंमत कळते. रुंद टायर हौसेने बसवणाऱ्यांनीही जपावे. १८५ च्या जागी १९५/६५ घातला तर चाक शेकडा दोन मोठे होते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

हवेची एक गफलत सर्रास होते. टायरवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो. आपल्या गाडीस किती हवा हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत पाहावे. भरल्या गाडीचा आकडा तेथे बहुधा निराळा दिलेला असतो.

ही विद्या आपल्यापासून दूरची नाही. धार जिल्ह्यातच पीथमपूरजवळ खेडा येथे ब्रिजस्टोनचा टायरांचा कारखाना आहे, आणि पीथमपूरलाच वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ साली खुला झाला.

आता एवढे करावे: अंगणात उभ्या गाडीची चारही चाके पाहून झाली की डिकी उघडावी. स्टेपनीची तारीख बहुधा सर्वांत जुनी निघते.