कळ आणि गारठा
१९८४ सालच्या शेतकरी लढ्यानें उरण तालुक्यांतील जासईचें नांव महाराष्ट्रभर झालें. जमिनीचा न्याय मागणाऱ्या या गांवापुढें आम्ही आज घरांतल्या न्यायाचा प्रश्न ठेवतों. पाळींत गार पाण्यास शिवूं नये, हा उपदेश कोंकणांत जुनाच. परंतु आषाढांत पोटरीभर चिखलांत भात लावणारीस तो पाळावयास सवड कोण देतो? शीत यंत्राखालीं कचेरींत बसणारीस तरी कोण देतो? सवड नाहीं, कळ उठली म्हणजे दोष मात्र तिच्या गारठ्याला! शास्त्र म्हणतें, गर्भाशयांत प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यें वाढून स्नायू आवळले जातात, तीच ही कळ. गार पाण्यानेंच ती उद्भवते, हें सिद्ध झालेलें नाहीं. पोटावर ऊब घेतल्यानें ती शमते, हें मात्र परीक्षणांतीं दिसलें आहे. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, उपदेश आवरा. ऊन पाण्याची पिशवी, घटकाभर विसावा आणि वैद्यसंमत वेदनाशामक गोळी द्या. दरमहा अंथरूण धरावयास लावणारी कळ ‘बायकांना असावयाचीच’ म्हणून दडपूं नका. तिच्यामागें रोग असूं शकतो, डॉक्टरांस दाखवा. हा न्याय देण्यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाहीं.