मिश्र प्लास्टिकच्या आतल्या वाटा

दोन प्लास्टिके वितळवून यंत्रात कितीही घुसळली, तरी बहुतेक वेळा ती रेणूंच्या पातळीवर एकजीव होत नाहीत. कारण त्यांचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात आणि पाणी व अल्कोहोल यांसारख्या लहान रेणूंना मिसळण्याचा जो निसर्गतः लाभ मिळतो, तो या साखळ्यांच्या वाट्याला फारच थोडा येतो. परिणामी एकात दुसऱ्याचे सूक्ष्म थेंब विखुरतात किंवा दोघांची सलग जाळी परस्परांत गुंतून राहतात. या मांडणीलाच सूक्ष्मरचना म्हणतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सूर्यसारथी बोस, गिरिधर मद्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन व पॉलिएथिलीन ऑक्साइड यांच्या मिश्रणातून पाणी शुद्ध करणारी सच्छिद्र पटले घडवली. यांतले दुसरे द्रव्य पाण्यात विरघळते, पहिले विरघळत नाही. म्हणून ऑक्साइड धुऊन काढले की त्याच्या जागी छिद्रे उरतात. मात्र ते सुट्या थेंबांच्या रूपात कोंडलेले असेल, तर पाणी तिथवर पोचतच नाही.

ही रचना पाहण्यासाठी नमुना उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडतात, कारण एरवी पॉलिएथिलीन तुटण्याऐवजी ताणले जाते आणि आतली मांडणी बिघडते. प्लास्टिक विजेचे दुर्वाहक असल्याने मोडलेल्या पृष्ठावर सोन्याचा अतिपातळ थर चढवून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

एवढ्यावर मात्र विसंबता येत नाही. सपाट छेद बहुतेक थेंबांना मध्यातून कापत नाही, त्यामुळे सर्व थेंब समान आकाराचे गोल असले, तरी छेदात दिसणाऱ्या वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे ७९ टक्केच भरतो. शिवाय छेदात सुटी दिसणारी बेटे खोलवर एकमेकांना जोडलेली असू शकतात. म्हणूनच साधा तराजू येथे सूक्ष्मदर्शकाइतकाच मोलाचा ठरतो. समजा, नमुन्यात ४ ग्रॅम ऑक्साइड होते आणि धुऊन, पूर्ण वाळवल्यावर वजन ३ ग्रॅमने घटले, तर तीन चतुर्थांश ऑक्साइड पाण्याला खुल्या असलेल्या सलग वाटांमध्ये होते.

हे मापन तयार पटलावरच करणे इष्ट, कारण मिश्रणाचे पटल बनवणाऱ्या दाबयंत्राच्या उष्णतेत ते पुन्हा वितळते, शेजारचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि घुसळणयंत्रातून नुकत्याच काढलेल्या नमुन्याची मापे त्या पटलाला लागू पडत नाहीत.